मूठ

केस अजून धड होते.
फुटली होती ती फक्त मूठ,
मोतिया रंगाचं प्लास्टिक, मधोमध चीर,
चिरीत पंधरा वर्षांचा साबण.
वडील म्हणाले, फेकू नको.
ते काहीच फेकू देत नाहीत.
जिनात गेलेली मधली दोन बोटं सोडली तर;
ती जातानाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून चोपड्यात, बाजाराच्या दिवशी,
चैत्राम काताऱ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसलो.
लाटणी, भवरे, पाळण्याच्या खुंट्या,
आणि सगळ्यावर भुसा.
त्यानं ब्रश घेतला, आधी हुंगला.
"कोनी दाढी?"
"वडिलांची."
"मंग घाई नको करू."

मी पितळ म्हणालो. दिसतं बरं, टिकतं.
तो हसला. पौषात पहाटे पितळ हातात धरून पाहा म्हणाला,
वर साबणाचा हात, मासळीसारखी सटकेल.
शिंगाची मूठ त्याच्या आजानं एकदाच केली होती,
रेल्वेतल्या कुण्या साहेबासाठी.
कातताना गल्लीभर जळक्या केसांचा वास,
आजी दोन दिवस जेवली नाही.

मग हळदूचा तुकडा काढला, तुपाळ पिवळा,
मी लगेच भुललो.
"फण्या याच्याच करतो. दिसाले नवरी,
पन पानी लागनं का काळी पडस."
सागाकडे त्यानं पाहिलंच नाही.
सागाला दारं-खिडक्या आहेत की, म्हणाला.

शेवटी बसायच्या पाटाखालून एक ओंडकं ओढलं,
गडद, जांभळट, कडेला कुऱ्हाडीचा जुना घाव.
काही न बोलता बादलीत सोडलं.
ते सरळ तळाला गेलं.
"अंजन. सातपुड्यातलं.
हाई लाकूड पानीमा बुडस.
माझी पटाशी याच्यावर दोनदा रडते."
मी भाव विचारला. त्यानं उलट विचारलं,
तीन बोटांचा हात धरतो कसा?

मी माझी दोन बोटं दुमडून दाखवायला गेलो.
जमेना. माझी पाचही तिथे कुचकामी,
दुमडलेलं बोट हे नसलेलं बोट नव्हे.

घरी आईनं कळण्याचं पीठ मळलं,
उडीद धरून ठेवतो म्हणून.
भाकरीचं पीठ असं घालवतात का, हे म्हणत मळलं.
वडिलांनी गोळा आवळला,
अंगठा, तर्जनी,
आणि लांबून येऊन टेकणारी करंगळी.
आयुष्यात कुणी त्यांच्या हाताचं माप घेतलं नव्हतं,
त्यामुळे ते जरा जास्तच जोरानं आवळत होते.
गोळा सावलीत वाळवला, डब्यात घालून बसनं नेला.
वाटेत एक तडा गेला.
चैत्राम म्हणाला, हा हाताचा नाही, पिठाचा.
त्याला फरक कळत होता.

खराद फक्त गोल बोलतो,
आणि हा हात गोल नव्हता.
तेव्हा अर्धी मूठ खरादावर, अर्धी कानशीनं,
मांडीत धरून, चार दिवस.
जिथे बोटं टेकणार तिथे त्यानं खळगे केले.
जिथे बोटं नव्हती
तिथे लाकूड जरा जास्त ठेवलं.
राळ ओतून जुनेच केस बसवले.
पैसे सांगितले ते हळदूचे.

वडिलांनी ब्रश घेतला,
उलटा केला, सुलटा केला.
करंगळी आपली जागा शोधत गेली आणि थांबली.
मी वाट पाहत होतो, काही म्हणतील.
"जड शे," म्हणाले.
मग गालाला फेस लावला, एका बाजूला,
आणि मधेच काय सुचलं कोण जाणे,
मी बुडण्याचं सांगितलं होतं ते आठवून
ब्रश तसाच पाण्याच्या तांब्यात सोडला.
बुडाला.
काढला, झटकला,
माझ्याकडे एकदा पाहिलं,
पुन्हा सोडला.

आई आतून ओरडली, चहा निवतोय.
त्या दिवशी दाढी अर्धीच झाली.